एकाच नावाच्या दोन व्यक्ती नोंदींतून वेगळ्या कशा ओळखाव्यात: कोकणातील वाचकांसाठी मार्गदर्शन

कोकणात एखाद्या माणसाची माहिती काढायला बसले की पहिली अडचण त्याच्या नावाचीच येते. सावंत, राणे, परब, गावडे, जोशी, पाटील, म्हात्रे, मुकादम, पारकर ही आडनावे गावोगाव आहेत. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत अनेक घरांत चालत आल्यामुळे विष्णूचा मुलगा गणेश, गणेशचा मुलगा पुन्हा विष्णू आणि त्याचा मुलगा पुन्हा गणेश असा क्रम लागतो, आणि 'गणेश विष्णू' हे नाव वडिलांच्या नावासकट एक पिढी सोडून त्याच घरात परत येते. जमीन विकत घेताना, वकील किंवा आर्किटेक्ट नेमताना, धंद्यात भागीदार घेताना किंवा घरात स्थळ आले असताना अशा नावाचा शोध घेतला, तर समोर येणारी नोंद नेमकी कोणाची हे ठरवल्याशिवाय तिचा काही उपयोग नसतो.

पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्यांचा आधार एकच नियम आहे. दोन नोंदींतील नाव सारखे असले तरी त्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत असे धरून सुरुवात करावी, आणि त्या एकाच माणसाच्या आहेत हे सिद्ध करण्याचे ओझे नोंदींवर टाकावे. एका माणसाच्या दोन नोंदी चुकून वेगळ्या राहिल्या तर माहिती थोडी अपुरी राहते, आणि ती पुढे केव्हाही जोडता येते. दोन माणसांच्या नोंदी चुकून एकत्र झाल्या तर मात्र एकाचा खटला दुसऱ्याच्या माथी बसतो, आणि एकदा गावात बोलले गेलेले मागे घेता येत नाही.

आधी तक्ता, मग शोध

कागदावर किंवा संगणकावर तक्ता करावा आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळ द्यावी. रकाने असे ठेवावेत: नोंदीत जसे लिहिले आहे तसेच नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय किंवा जन्मवर्ष, वाडी-गाव-तालुका-जिल्हा, नोंदीची तारीख, नोंदीत असलेला कोणताही क्रमांक, आणि नोंद कोठून मिळाली. नावातील शुद्धलेखन आपल्या मनाने सुधारू नये, कारण 'बाळा' आणि 'बाळकृष्ण' हे एकच आहेत की नाहीत हेच तर शोधायचे असते. वय दिले असेल तर नोंदीच्या तारखेवरून जन्मवर्ष काढून लिहावे आणि जुन्या कागदांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज धरावा, कारण तेथे वय बहुधा अंदाजाने सांगितलेले असते.

त्यानंतर नावाची सगळी संभाव्य रूपे लिहून काढावीत. संकेतस्थळांवरील शोध बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत चालतो आणि 'सावंत' हे आडनाव कोणी 'व्ही' घालून लिहितो, कोणी 'डब्ल्यू'. 'गावडे', 'दीक्षित', 'चव्हाण' यांची तर तीन-चार रूपे होतात. मुंबईला गेलेल्या शाखेने मूळ आडनाव सोडून गावाच्या नावावरून '-कर' लावलेले आडनाव घेतले आणि गावातली शाखा जुन्याच आडनावावर राहिली, हे कोकणात नेहमी दिसते. जुन्या महसुली कागदांत आडनाव नसतेच. तेथे 'विठू बिन गणू' (गणूचा मुलगा विठू) किंवा बाईच्या बाबतीत 'गंगा कोम सखाराम' (सखारामची पत्नी गंगा) असे लिहिलेले आढळते.

स्त्रियांच्या नोंदींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. लग्नानंतर वडिलांचे नाव जाऊन पतीचे नाव येते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. पण डॉक्टर किंवा वकील स्त्रीची व्यावसायिक नोंदणी अनेकदा माहेरच्याच नावाने पुढे चालू असते. अशा वेळी दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची जाहिरात. हा दुवा मिळेपर्यंत दोन ओळी दोनच ठेवाव्यात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे, त्यामुळे पुढच्या पिढीचा शोध काहीसा सोपा होईल.

गाव आणि जिल्हा यांची सांगड

जिल्हा वेगळा दिसला म्हणून माणूस वेगळा ठरवू नये. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर निघाला. म्हणून १९७५ च्या कागदावरचा 'रा. मालवण, जि. रत्नागिरी' आणि २००५ च्या कागदावरचा 'रा. मालवण, जि. सिंधुदुर्ग' हे पत्ते एकाच घराचे असू शकतात. सावंतवाडी आणि जंजिरा ही तर १९४८ पर्यंत संस्थाने होती आणि तेथील जुने दप्तर वेगळ्या पद्धतीने ठेवलेले आहे.

उलट बाजूने, गावाचे नाव जुळले म्हणून माणूसही जुळला असे होत नाही. मुरुड रायगडात आहे आणि दापोली तालुक्यातही आहे; शिरगाव रत्नागिरीजवळ आहे आणि देवगडातही आहे. तालुका लिहिलेला नसेल तर गावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह घालावे. वाडीचे नाव मिळाले तर मात्र ते सोन्यासारखे जपावे, कारण एका गावात एकाच नावाची तीन माणसे असली तरी ती सहसा वेगवेगळ्या वाड्यांतली असतात, आणि गावकरीही त्यांना वाडीवरूनच ओळखतात.

चाकरमान्यांमुळे आणखी एक गुंता होतो. माणसाचे मतदान मुंबईत, सातबारा गावात आणि धंद्याची नोंदणी ठाण्यात, अशी स्थिती असेल तर एकच माणूस तिघांसारखा दिसतो. येथे पत्त्यापेक्षा वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष यांवर अधिक भर द्यावा.

व्यावसायिक नोंदणी: क्रमांकाला महत्त्व

ज्या व्यवसायाला कायद्याने नोंदणी लागते, त्या व्यवसायातील माणसाची ओळख पटवणे सर्वांत सोपे असते, कारण तेथे प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. नावाने शोध घेऊन दहा माणसे मिळतील. क्रमांकाने एकच मिळेल.

गावात पाटीवर 'डॉ.' एवढेच लिहिलेले असते, पण त्या एका अक्षरामागे वेगवेगळ्या नोंदवह्या असतात. एमबीबीएस आणि त्यापुढील पदवीधारकांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेदाच्या वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची स्वतंत्र परिषदेकडे आणि दंतवैद्यांची राज्य दंत परिषदेकडे. शिवाय दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पीएचडी केलेला माणूसही डॉक्टरच म्हणवतो. म्हणून तक्त्यात नुसता क्रमांक न लिहिता परिषदेचे नावही लिहावे, कारण एकच आकडा दोन परिषदांत दोन वेगळ्या माणसांना मिळालेला असू शकतो.

वकिलांची सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देते. सनदेच्या क्रमांकात 'एमएएच', अनुक्रमांक आणि वर्ष असे तीन भाग असतात आणि त्यांतले वर्ष फार कामाचे असते. ज्याचा जन्म १९९० चा आहे त्याची सनद १९९८ ची असू शकत नाही. तो बहुधा त्याचा काका असतो किंवा त्याच नावाचा कोणी दुसरा. जिल्हा न्यायालयांत बाप आणि मुलगा दोघेही वकिली करीत असतात आणि आद्याक्षरे उलटसुलट झाली की 'व्ही. जी.' आणि 'जी. व्ही.' यांचा घोळ होतो, तोही या वर्षावरून सुटतो. परिषद दोन्ही राज्यांसाठी एकच असल्यामुळे सावंतवाडीचा वकील पणजीत उभा राहिला म्हणून तो दुसरा कोणी आहे असे समजण्याचे कारण नाही.

आर्किटेक्टची नोंद कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते आणि तिचा क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होऊन पुढे वर्ष आणि अनुक्रमांक येतो. नकाशावरच्या शिक्क्यातले हे 'सीए' पाहून आर्किटेक्टला सनदी लेखापाल समजणारे भेटतात. त्यांना हसण्यापूर्वी आपला तक्ता तपासावा. सनदी लेखापालाचा सदस्य क्रमांक निराळा आणि त्याच्या फर्मचा नोंदणी क्रमांक आणखी निराळा असतो, आणि सदस्य असलेला प्रत्येक जण प्रॅक्टिस करतोच असे नाही. समुद्रकिनारी प्लॉट किंवा सेकंड होम विकणाऱ्याच्या बाबतीत महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, संकेतस्थळ पाहावे. तेथे प्रकल्पाचा क्रमांक 'पी' ने आणि एजंटचा 'ए' ने सुरू होतो, आणि प्रवर्तकाने स्वतःविषयी दिलेली माहितीही पाहता येते.

कंपनीचा संचालक असलेल्या माणसाला आठ अंकी संचालक ओळख क्रमांक असतो आणि कायद्याने एका व्यक्तीला असा एकच क्रमांक घेता येतो. म्हणून दोन कंपन्यांत एकाच नावाचे संचालक असून क्रमांक वेगळे असतील, तर ती माणसे वेगळी असल्याचा तो भक्कम पुरावा असतो. छोट्या व्यापाऱ्याच्या बाबतीत बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. त्याची पहिली दोन स्थाने राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा स्थाने म्हणजे पॅन. एका नावाचे दुकान बांद्यात आणि त्याच नावाचे दुसरे म्हापशात असेल आणि दोन्ही बिलांवरची ती दहा स्थाने तंतोतंत सारखी असतील, तर मालक एकच. पॅनचे पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर असते, त्यामुळे एकाच आडनावाच्या माणसांचे ते सारखेच असणार. तेवढ्यावरून काही ठरवू नये.

हापूसच्या व्यापाऱ्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याखाली अधिकृत वापरकर्त्यांची नोंद होते. त्या नोंदीचा क्रमांक आणि खाद्यपदार्थांचा चौदा अंकी परवाना क्रमांक मागितला की 'अमक्या बागायतदाराचाच माल' हे म्हणणे तपासता येते. मच्छीमार नौकेचा मालक शोधताना नौकेचे नाव निरुपयोगी असते, कारण एकाच देवाच्या नावाच्या पुष्कळ होड्या एका बंदरात असतात. नोंदणी क्रमांक पाहावा. संशोधकांची नावे शोधनिबंधांत आद्याक्षरांनी छापली जातात, म्हणून त्यांच्यासाठी सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, विचारावा.

व्यावसायिक संकेतस्थळांवर माणसाने स्वतः लिहिलेला परिचय शोधाची दिशा दाखवतो, पण तो पुरावा धरू नये.

सातबारा वाचताना

कोकणातला सातबारा हा एकाच नावाच्या माणसांचा खरा कस आहे. एकेका खात्यावर वीस-तीस सामाईक हिस्सेदार असतात, त्यांत निधन पावलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहून जातात, आणि आजोबा व नातू एकाच नावाने एकाच उताऱ्यावर असू शकतात. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, तरी प्रत्येक गावी सगळे उतारे निर्मळ झाले आहेत असे धरून चालू नये.

उतारा हाती आला की नावापाशी थांबू नये. नावाशेजारी दिलेला फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा क्रमांक, टिपावा. नावाला कंस असेल तर ते नाव कमी झालेले आहे, आणि कोणत्या फेरफाराने कमी झाले ते तेथेच कळते. 'ए.कु.मॅ.' लिहिले असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, त्यामुळे जमीन त्याच्या एकट्याची समजू नये, 'अ.पा.क.' असेल तर नाव अज्ञानाचे, म्हणजे अल्पवयीनाचे, आहे आणि पालनकर्ता दुसरा आहे, म्हणजेच त्या काळातल्या वयाचा अंदाज आपोआप मिळतो. मग फेरफाराची नोंद, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारस नोंदवही, म्हणजे ६-क, तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, किंवा तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून पाहावी. वारसाच्या फेरफारात मृत खातेदार, मृत्यूची तारीख आणि वारसांची नाती लिहिलेली असतात, आणि 'गणेश विष्णू' हा आजोबा की नातू याचा निकाल बहुतेक वेळा या एका पानावर लागतो.

महाभूलेख या जमीन नोंदींच्या शासकीय संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा उतारा पाहण्यापुरता असतो; पुढे कोठे दाखवायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा. जमिनीचा ८-अ, म्हणजे खाते उतारा, आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या असेसमेंटचा उतारा, यांची गल्लत होते. ओळख पटवण्यासाठी दोन्ही उपयोगी आहेत, कारण असेसमेंटवरील घर क्रमांक मतदार यादीतील घर क्रमांकाशी ताडून पाहता येतो. जुन्या कुळांच्या बाबतीत १९४८ चा कुळकायदा आणि त्यानंतरचे खोती नष्ट करणारे कायदे यांमुळे झालेले फेरफार पाहावेत. तेथे कुळाचे, खोताचे आणि त्यांच्या वारसांचे नाव एकत्र सापडते. ज्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत त्यांच्या बाबतीत पिढ्यांचा क्रम तेथे तयार मिळतो, मात्र तारखा मूळ नोंदींशी पडताळून घ्याव्यात.

न्यायालय आणि निवडणूक

ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो आणि तेथेच सर्वाधिक गैरसमज होतात, कारण यादीत त्या नावाचे जिल्ह्यातले सगळेच येतात. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो तक्त्यात लिहावा आणि नुसत्या यादीवर न थांबता आदेश किंवा निकालाची प्रत उघडावी. निकालाच्या पहिल्या पानावर पक्षकाराच्या नावाखाली 'वय ४५ वर्षे, धंदा शेती, रा. अमुक वाडी' अशी ओळ बहुधा असते आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच ओळ. वय, धंदा आणि वाडी यांपैकी दोन गोष्टी जुळत नसतील तर तो खटला बाजूला ठेवावा. जुळत असल्या तरी खटला कोणत्या टप्प्यावर आहे, आपला माणूस वादी, प्रतिवादी, साक्षीदार की आरोपी, आणि शेवटी काय झाले, हे पाहिल्याशिवाय त्याचा उल्लेख करू नये. भावकीतले वाटपाचे दावे कोकणात घरोघरी असतात. नाव दाव्यात आहे म्हणजे माणूस भांडखोर असे समजणे अन्यायाचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील उच्च न्यायालयाची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे आली आहेत, म्हणून त्यानंतरचा शोध केवळ मुंबईत करून भागणार नाही.

नामसाधर्म्याचा परिणाम किती मोठा होतो हे रायगडकरांना सांगायला नको. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला, आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला नऊ हजारांहून अधिक मते पडली. ती मते गोंधळाने पडली की जाणूनबुजून हे आकड्यांवरून सिद्ध होत नाही, पण अंतर आणि बेरीज समोर आहे. निवडणूक नियमांत, १९६१ पासून, समान नावाच्या उमेदवारांच्या नावापुढे व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून त्यांना वेगळे दाखवण्याची तरतूद आहे, आणि २०१५ पासून मतपत्रिकेवर छायाचित्रही येते. आपल्या तक्त्यालाही हेच सूत्र लावता येते: नावापुढे कायम व्यवसाय आणि ठिकाण लिहावे.

ज्याने विधानसभा किंवा लोकसभेची निवडणूक लढवली आहे त्याचे नमुना २६ मधील शपथपत्र सगळ्यांत आधी काढावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, पत्ता, मतदार यादीतील भाग व अनुक्रमांक, शिक्षण आणि प्रलंबित खटल्यांचे तपशील त्या एकाच कागदावर असतात, म्हणजे इतर नोंदी जोडण्याचे निम्मे काम झालेले असते.

नोंदी केव्हा एकत्र कराव्यात

एकच क्रमांक दोन्ही नोंदींत असेल तर त्या जोडाव्यात. क्रमांक नसेल तर पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मवर्ष आणि वाडी या चारही गोष्टी दोन स्वतंत्र नोंदींत जुळल्या पाहिजेत. स्वतंत्र म्हणजे एक नोंद दुसरीवरून उतरवलेली नसावी. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा मजकूर उचलला असेल तर ते दोन साक्षीदार होत नाहीत. नाव, आडनाव आणि गाव एवढेच जुळत असेल तर तक्त्यात 'शक्य' असे लिहून थांबावे.

त्याच वेळी विरोध शोधावा. सगळ्या नोंदी तारखेच्या क्रमाने लावल्या की निधनानंतरची स्वाक्षरी, पदवीच्या आधीची प्रॅक्टिस, किंवा त्याच महिन्यात दुबईत नोकरी आणि दापोलीत हजेरी अशा गोष्टी डोळ्यांत भरतात. असा एक पक्का विरोध दहा जुळण्यांवर भारी पडतो आणि ओळ पुन्हा दोन भागांत तोडावी लागते. वृत्तपत्रांतील जाहीर नोटिसा आणि निधनवार्ता येथे उपयोगी पडतात; निधनवार्तेत मुले, सुना, जावई आणि गाव एकत्र दिलेले असतात.

सर्वांत सोपा मार्ग शेवटी सांगण्याचे कारण एवढेच की बरेच जण तो वापरतच नाहीत. 'साहेब, आपला नोंदणी क्रमांक मिळेल का, फाइलला लावायचा आहे,' असे सरळ विचारावे. खरा व्यावसायिक त्याचा राग मानत नाही. आधार क्रमांक मात्र मागू नये. आपल्या कामाला तो लागत नाही. माहिती अधिकारातही व्यक्तीच्या खासगी बाबी सहसा मिळत नाहीत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंतर ही मर्यादा अधिक कडक झाली आहे. तक्ता ज्या कामासाठी केला त्या कामापुरताच ठेवावा. तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

आपलेच नाव दुसऱ्याशी मिसळले असेल तर

दुसऱ्याचे कर्ज आपल्या पतअहवालात दिसत असेल तर संबंधित पतमाहिती कंपनीकडे विनाशुल्क तक्रार नोंदवावी; ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसावर खटला असेल तर सीएनआर क्रमांकासह निकालाच्या पहिल्या पानाची प्रत आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला जवळ ठेवावा, आणि नोकरी देणाऱ्याला किंवा बँकेला दोन्ही एकत्र द्यावेत. आपलीच दोन नावे प्रचलित असतील, उदाहरणार्थ शाळेच्या दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर घरगुती नाव, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे आणि कायमचा बदल हवा असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी. सातबाऱ्यावरील हस्तदोष, म्हणजे लिहिताना झालेली चूक, तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होतो. अर्जासोबत मूळ फेरफाराची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला लावावा, आणि दुरुस्तीचा फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून त्यावरचा फेरफार क्रमांक स्वतः वाचून पाहावा.